स्केटिंगचा कोच बदलताना या चुका टाळा

जानेवारीत नॅशनल्स, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, आटोपतात आणि आमच्या न्यू जर्सीच्या बर्फाच्या रिंकवर कुजबुज सुरू होते, कोण कोणाकडे चाललंय याची. कोच बदलायचाच असेल तर हेच दिवस बरे. फिगर स्केटिंगचा नवा सीझन १ जुलैला सुरू होतो, तोवर हातात वेळ असतो. पात्रता स्पर्धा तोंडावर आलेल्या असताना कोच बदललेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचे हाल बघवत नाहीत.

खापर चुकीच्या माणसावर फोडणं

ही चूक आमच्या हातून होता होता राहिली. लेक अकरा वर्षांची होती. सहा महिने पक्का बसलेला डबल सालको, म्हणजे हवेत दोन गिरक्या घेणारी उडी, अचानक बिघडला, रोज पडायची. घरी येताना गाडीत आम्ही दोघं कोचबद्दलच बोलायचो. मग रिंकवरच्या एका जुन्या स्केटरने तिचा बूट उलटा धरला आणि ब्लेडवर एक नाणं आडवं ठेवलं. नाणं एका बाजूला कललं. धार लावताना ब्लेडची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच राहिली होती. दुसरीकडून धार लावून घेतली आणि आठवड्याभरात उडी परत आली.

म्हणून आधी ब्लेड बघा, बूट घोट्यापाशी मऊ पडलाय का ते बघा आणि मुलीची उंची मोजा. वर्षात दोन-तीन इंच वाढलेल्या मुलीचं हवेतलं टायमिंग चुकतंच, कोच कोणीही असो.

पुढच्या वर्षी आम्ही खरंच कोच बदलला, पण कारण वेगळं होतं. लट्झ नावाची उडी ब्लेडच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते. लेकीचा पाय शेवटच्या क्षणी आत कलायचा, गुणपत्रिकेवर दर वेळी 'ई'ची, म्हणजे चुकीच्या कडेची, खूण यायची आणि कोच म्हणायचे, येईल आपोआप. वर्ष गेलं तरी बाहेरची कड काही आली नाही.

चोरून लेसन घेणं

दुसऱ्या रिंकवर गुपचूप ट्रायल लेसन घेतलं तर कोणाला कळणार, असं वाटतं. सगळ्यांना कळतं, आणि मधल्या मध्ये मूल अवघडतं. इथल्या प्रोफेशनल स्केटर्स असोसिएशनची आचारसंहिता आहे: नव्या कोचने मुलाचा आधीचा कोच कोण याची चौकशी करायची आणि दुसऱ्याचा विद्यार्थी आपल्याकडे ओढायचा नाही. 'पाठवा की माझ्याकडे' असं जो स्वतःहून म्हणतो, त्याच्याकडे मी तरी माझी मुलगी पाठवणार नाही. जुन्या कोचची फी चुकती करा आणि समोर उभं राहून सांगा.

मी ईमेल लिहून ठेवला होता. लेक म्हणाली, "आई, मी सांगते." लेसन संपल्यावर कठड्यापाशी तिने सांगितलं. कोच क्षणभर गप्प राहिले, मग तिच्या ग्लोव्ह्जवरचा बर्फ झटकत म्हणाले, "ॲक्सलच्या उडीआधी श्वास सोडायला विसरू नकोस." आजही ते दिसले की ती आधी त्यांच्याकडे जाते.

संबंध टिकवावे लागतात ते उगाच नाही. रशियाची स्केटर येवगेनिया मेदवेदेवा २०१८च्या ऑलिंपिक रौप्यपदकानंतर मॉस्को सोडून टोरंटोला ब्रायन ऑर्सर या कोचकडे गेली. दोन वर्षांनी, २०२०मध्ये, ती पुन्हा जुन्या कोचकडेच परतली.

महिन्याभरात निकाल मागणं

मेदवेदेवाचंच पुढे बघा. २०१६ आणि २०१७ची ती जगज्जेती, पण टोरंटोला गेल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात रशियन राष्ट्रीय स्पर्धेत सातवी आली. मार्च २०१९मध्ये साइतामाच्या जागतिक स्पर्धेत मात्र तिने कांस्यपदक मिळवलं. तिच्यासारखीला इतके महिने लागले, तर बारा वर्षांच्या पोरीला सहा आठवडे कसे पुरतील? शरीराला लागलेली सवय आधी मोडावी लागते, मगच नवी बसते.

नव्या कोचने लेकीचा डबल लट्झ काढूनच टाकला. चार महिने फक्त सिंगल. स्पर्धेत गुण घसरले, एकदा ती बाथरूममध्ये रडली, आणि कोचना फोन करायचा मोह मी कसाबसा आवरला. त्या काळात नवे बूट किंवा नवा प्रोग्रॅम (स्पर्धेत संगीतावर सादर करायचा क्रम) अजिबात घेऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय बिघडलं तेच कळत नाही.

ऑगस्टच्या एका सकाळी तिने मला कठड्यापाशी बोलावलं आणि लट्झच्या उडीआधी बर्फावर उमटलेली स्वतःची रेघ दाखवली. पूर्वी त्या रेघेला टोकाशी उलटा बाक यायचा. आता ती शेवटपर्यंत एकाच बाजूला वळलेली होती.