सिबलीत एक मुक्काम: काय न्यायचं, काय घरी ठेवायचं

पाणी सगळ्यात आधी, कारण आमच्या घोड्याने पहिल्यांदा तिथेच पेंड खाल्ली. पुण्यात असताना गडावर जायचं म्हणजे माणशी दोन बाटल्या पुरायच्या. वर टाकं असायचं, नाहीतर पायथ्याच्या गावात कुणीतरी मावशी हंड्यातलं पाणी ओतून द्यायची आणि वर 'पिठलं टाकू का' असंही विचारायची. इथे कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या डोंगरावर, सिबलीच्या विझलेल्या ज्वालामुखीपाशी गाव नाही, टाकं नाही, मावशी तर नाहीच. पण डोंगराखालच्या काल्डेकॉट बोगद्यातून रात्रंदिवस गाड्या धावत असतात. एवढं शहर पायाशी असताना आपण तहानलेले राहू हे डोक्यातच येत नाही. आम्ही चौघांत सहा लिटर नेलं होतं. रात्री भात शिजला, पातेलं विसळलं, मुलं ढसाढसा प्यायली, आणि सकाळी चहाला जेमतेम कपभर उरलं. नवरा निमूट गाडीपर्यंत चालत गेला आणि खालून दोन कॅन घेऊन आला. तो त्यावर अजून एक शब्द बोललेला नाही, हेच जास्त लागतं.

तर हिशोब माणशी चार लिटरचा धरा: तीन प्यायला, एक स्वयंपाकाला आणि हात-तोंड धुवायला. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात पाच. नळाच्या भरवशावर जायचंच नाही. चार लिटर म्हणजे चार किलो, तेव्हा पाणी एकाच्या पाठीवर न लादता सगळ्यांत वाटा. लहान मुलाच्या सॅकमध्येसुद्धा त्याची स्वतःची एक बाटली हवी, म्हणजे दर दहा मिनिटांनी आईची सॅक उघडावी लागत नाही.

जागा आधी आरक्षित केल्याशिवाय रात्र काढता येत नाही. हे काम ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे इथली उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे. सिबली ही त्यांनी 1936 साली उघडलेल्या पहिल्या तीन उद्यानांपैकी एक, तेव्हा तिचं नाव राउंड टॉप होतं. आरक्षण करतानाच तीन प्रश्न विचारून घ्या: गाडी रात्रभर नेमकी कुठे ठेवायची, शौचालय कुठे आहे, आणि त्या आठवड्यात स्टोव्हला परवानगी आहे का. उत्तरं कागदावर लिहा आणि आरक्षणाची छापील प्रत सोबत ठेवा. डोंगराच्या खाचेत फोनला रेंज जाते-येते, आणि नेमकी रेंजरसमोर उभं असताना जाते. गाडीत काहीही दिसेल असं सोडू नका, अगदी जॅकेटसुद्धा नाही. या बाजूला रस्त्याकडेच्या गाड्यांच्या काचा फुटतात. आमची फुटली ती एका रिकाम्या पिशवीपायी.

आता शेकोटी. ही सवय मोडायला मला सगळ्यात जड गेलं. तीन दगड, वाळक्या काटक्या, वर काळंकुट्ट पातेलं, आणि मग कुणीतरी भेंड्या सुरू करणार: मुक्कामाचं चित्रच ते. इथे लाकडाची शेकोटी चालत नाही, आणि का चालत नाही ते बोगद्याच्या जवळच्याच उतारांना विचारावं. 19 ऑक्टोबर 1991 ला तिथे गवताला छोटी आग लागली, बंबवाल्यांनी ती विझवली. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि राखेतल्या निखाऱ्यांनी पुन्हा पेट घेतला. त्या आगीत 25 माणसं गेली आणि तीन हजारांच्या आसपास घरं जळाली. हा वारा पूर्वेकडून, कोरड्या जमिनीवरून येतो, बहुतेक शरद ऋतूत. त्याला इथले लोक डायब्लो विंड म्हणतात. हवामान खात्याने रेड फ्लॅगचा, म्हणजे आगीच्या धोक्याचा इशारा दिला असेल तर मुक्काम रद्द करा, पैसे गेले तरी चालतील. एरवी गॅसच्या छोट्या डब्यावर बसणारा स्टोव्ह पुरतो. तो मोकळ्या, सपाट मातीवर मांडायचा, वाळलेल्या गवतापासून लांब, आणि शेजारी भरलेली बाटली ठेवायची. डबा घरीच एकदा लावून पेटवून बघा. आटे जुळत नाहीत हे डोंगरावर कळण्यात मजा नाही.

खाण्याचं मी फार लांबवत नाही, कारण ते आपल्याला येतं. दशम्या न्या, दुधात भिजवलेल्या दोन दिवस सहज टिकतात. शेंगदाण्याची चटणी, गूळ, भाजके शेंगदाणे, मेतकूट, तांदूळ, तुपाची लहान बरणी. कांदा-बटाटा घरीच चिरून न्यावा, साली तिथे टाकायच्या नाहीत. केळ्याचं साल 'मातीत मिसळून जाईल' म्हणून भिरकावणं ही सह्याद्रीतलीही वाईटच खोड होती, इथे तर दंड होऊ शकतो.

पण खाणं ठेवायचं कुठे, यावर थोडं थांबते. बिबट्यासारखा मोठा प्राणी, इथला माउंटन लायन, या डोंगरांत आहे, आणि बायका फोनवर पहिलं तेच विचारतात. तो सहसा दिसत नाही. दिसलाच तर पळायचं नाही, मुलांना उचलून घ्यायचं, हात वर करून मोठ्याने बोलायचं. खरा चोर वेगळाच. रॅकून. मांजराहून थोराड, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि पुढचे पंजे हातासारखे. आमच्या टेबलावर चिवड्याचा स्टीलचा डबा राहिला होता, माझ्या आईने दिलेला, घट्ट झाकणाचा. मध्यरात्री टिंग असा आवाज आला. टॉर्च मारला तर हा गृहस्थ डबा मांडीत घेऊन बसलेला, एका पंज्याने डबा धरून दुसऱ्याने झाकणाची कड चाचपतोय, आणि नजर आमच्याकडे. झाकण उघडलं. आधी त्याने खोबऱ्याचे काप वेचले. त्यामुळे आता खाणं, टूथपेस्ट, साबण, लिप बाम, वासाचं सगळं एका घट्ट बंद होणाऱ्या जाड पेटीत जातं आणि पेटीला कडी लागते. तंबूत खाऊ नाही, उशाशी बिस्किटाचा पुडाही नाही. मुलांचे खिसे झोपण्याआधी उलटे करून बघा.

कपड्यांचं सूत्र असं की दिवस एका ऋतूचा आणि रात्र दुसऱ्या. जुलैत दुपारी घाम फुटतो आणि संध्याकाळी समुद्रावरून धुकं चढून येतं, सगळं ओलंगार. कानटोपी जुलैतही न्या. हसतील त्यांना हसू द्या, रात्री दोन वाजता तेच मागतात. झोपायची पिशवी पाच अंश सेल्सिअसपर्यंत ऊब देणारी असावी, आणि खाली मॅट हवीच, कारण थंडी जमिनीतून येते. तंबूवरचा जास्तीचा कपडा पाऊस नसला तरी लावा. धुक्याचं पाणी कापडावर साचून पहाटे टपटपतं. खुंट्या लोखंडाच्या घ्या. उन्हाळ्यात ही माती वाळून कडक होते आणि तंबूसोबत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या केसांच्या पिनांसारख्या वाकतात. पावसाळा इथे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा हीच माती बुटाला चिकटून दोन-दोन किलोचे गोळे होतात. माझ्या मते एप्रिलचा शेवट ते मे उत्तम, गवत हिरवं आणि रात्री सोसणाऱ्या. मात्र तेव्हाच गोचिड्याही असतात. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, आणि झोपण्याआधी काखेत, गुडघ्यामागे, केसांत तपासणी. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ बाहेर ओढायची. रॉकेल नाही, काडी नाही, आजीचे उपाय इथे नकोत, कारण लाइम नावाचा आजार या किड्यातून होतो. साप एकच विषारी, रॅटलस्नेक. दगडाच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही, आणि चावलाच तर धावपळ न करता 911 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या नंबरला फोन.

आणि बिब्बा. म्हणजे इथला पॉयझन ओक, ज्याच्या तेलाने अंगावर फोड येतात ते झुडूप. लहानपणी बिब्बा उतलेला ज्याने पाहिला आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही एकाच कुळातले, आंबा आणि काजूही त्यातच. आंब्याच्या चिकाने ओठ सुजणारे आपल्या घरात एक-दोघं असतात, त्यांनी इथे दुप्पट जपावं. पानं तीन-तीनच्या जुडग्यात येतात, टोकाच्या पानाला देठ लांब, कडा ओकच्या पानासारख्या नागमोडी. वसंतात चकचकीत हिरवी, उन्हाळ्यात तांबूस आणि दिसायला फार सुंदर. हिवाळ्यात पानं गळतात आणि नुसत्या काड्या उरतात, पण काडीतही तेच तेल असतं. वाटेच्या मधोमध चाला, मुलांना काठीने झुडपं झोडू देऊ नका, आणि आडोशाला जाताना टॉर्च नीट मारून बघा. लागल्याची शंका आली तर लगेच साबण आणि भरपूर गार पाणी. म्हणजे पुन्हा पाणी: त्यासाठी दोन लिटर वेगळं काढून त्यावर खूण करून ठेवते मी.

एक छोटं भिंग सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवा. इथपर्यंत येऊन नुसतं झोपून जाऊ नका. हा ज्वालामुखी सुमारे 1 कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनच्या 6.6 कोटींपुढे अगदी पोरगा. पण तो नंतर जमिनीच्या रेट्याने कुशीवर कलंडला आणि विसाव्या शतकात खडीसाठी खाणवाल्यांनी कापला, त्यामुळे त्याचं पोट बाहेरून दिसतं. आपल्या घाटात लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे आडवे निजलेले असतात, इथे ते तिरपे. दोन थरांमध्ये भाजून विटेसारखी लाल झालेली पट्टी दिसते, वरंध किंवा माळशेज उतरताना दिसते तशीच. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तिथेच बसकण मारली आणि मुलांना वाटलं आईचा पाय मुरगळला. वाटेवर क्रमांकाचे खांब आहेत, त्यांचं माहितीपत्रक आधीच छापून न्या. जुन्या खाणीच्या खड्ड्यात दगड मांडून केलेली गोल भूलभुलैया आहे, 1989 सालची. आमची मुलं तिला चक्रव्यूह म्हणतात आणि आत शिरलेल्या अभिमन्यूला बाहेर येता येतं यावर हुज्जत घालतात. दगड खिशात घालायचा नाही, एकसुद्धा. इथलं शिखर राउंड टॉप 1,763 फुटांचं, आणि पूर्वेला माउंट डायब्लो दिसतो.

डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाला स्वतंत्र. एकाच टॉर्चवर चार माणसं म्हणजे रात्रभर 'इकडे मार, इकडे मार'. शिट्टी मुलाच्या गळ्यात. प्रथमोपचारात नेहमीच्या औषधांबरोबर ॲलर्जीची गोळी आणि तो चिमटा. कचऱ्याच्या तीन पिशव्या: एक ओल्याला, एक सुक्याला, तिसरी दुसऱ्या कुणी टाकलेल्याला. वाटेत गुरांसाठी फाटकं लागतात, उघडलं की आपल्यामागे लावायचं. डाउनटाउनचे दिवे रात्रभर जळतात, त्यामुळे चांदण्या बघायच्या म्हणून आलेला भाचा जरा हिरमुसेल, त्याला आधीच सांगून ठेवा.

घरी परतल्यावर एक काम राहतं: पॉयझन ओकचं तेल धुऊन काढायचं. कपडे सरळ मशीनमध्ये, वेगळे, गरम पाण्यात. तंबूच्या दोऱ्या, सॅकचे पट्टे, काठीची मूठ साबणाच्या फडक्याने पुसायची, हातात मोजे घालून. बुटांच्या नाड्या विसरू नका. मागच्या वेळी तेवढ्याच राहिल्या, आणि तीन आठवड्यांनी भाजीला जाताना नाडी बांधली तर दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत बिब्बा उतल्यासारखे फोड.