नेट नसताना एक स्क्रीन तीस मोबाइलवर

चोपडा, शिरपूर, शहादा इकडच्या टॅली-एक्सेलच्या क्लासमध्ये प्रोजेक्टर असतो, पण भर दुपारी उजेडाच्या खोलीत मागच्या बाकावरून सेलमधला आकडा काही वाचता येत नाही. सरांच्या पीसीची स्क्रीन पोरांच्या मोबाइलवर थेट दाखवता येते, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. राउटर चालू असला की झालं.

हे व्हीएनसीने (एका पीसीची स्क्रीन दुसरीकडे दाखवणारा प्रोग्राम) करायच्या फंदात पडू नका. दोघांतिघांना ठीक आहे, पण तिथे प्रत्येक बघणाऱ्यासाठी चित्र वेगळं तयार होतं आणि वीस जण जोडले की सरांचा माउसच अडखळतो. सगळे पीसी केबलवर असलेली लॅब असेल तर व्हेयॉन हा लॅब सांभाळायचा प्रोग्राम टाका. त्यातला डेमो मोड याचसाठी आहे. मोबाइल असतील तर ओबीएस आणि मीडियाएमटीएक्स ही जोडी घ्या. ओबीएस व्हिडिओ एकदाच बनवतो, मीडियाएमटीएक्स तो सगळ्यांना वाटतो. व्हेयॉन धरून तिन्ही फुकट आहेत, आणि एकदा डाउनलोड केले की पेनड्राइव्हवरून कुठेही नेता येतात.

आधी वेगाचा हिशेब. ७२०पी, सेकंदाला १५ फ्रेम आणि २००० केबीपीएसचा बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) एवढं एक्सेलला पुरतं. तीस जणांचे झाले ६०,००० केबीपीएस, म्हणजे ६० एमबीपीएस. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून ते निघतात, चाळिसाच्या पुढे ओढाताण सुरू होते. सरांचा पीसी वायफायवर कधीच ठेवू नका, नाहीतर तोच डेटा हवेतून दोनदा जातो. केबलने राउटरला जोडा. पोर्ट गिगाबिट असूनही विंडोज १०० दाखवत असेल तर क्रिंपिंग (केबलच्या टोकाला प्लग बसवलेला जोड) तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच. म्हणून बाकीच्या चारांतली एखादी तार सुटली तरी केबल चालू दिसते, वेग मात्र दहापट घसरलेला असतो.

राउटरच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटणारी सेटिंग) सरांच्या पीसीला एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. नाहीतर लाइट गेली-आली की पत्ता बदलू शकतो आणि फळ्यावर लिहिलेल्या जुन्या पत्त्यावर कुणाचंच पान उघडत नाही.

मीडियाएमटीएक्सची झिप सोडवून प्रोग्राम चालवा. काळी खिडकी उघडते, ती बंद करायची नाही. फायरवॉलने विचारलं की ‘प्रायव्हेट’वर टिक करा, आणि विंडोजमध्ये नेटवर्कही प्रायव्हेटच आहे ना ते बघा. ओबीएस ३० किंवा पुढचा हवा. सेटिंग्जमधल्या स्ट्रीममध्ये सर्व्हिस ‘व्हिप’ (थेट व्हिडिओ पाठवायची पद्धत) निवडा. पत्ता असा: एचटीटीपी, लोकलहोस्ट, पोर्ट ८८८९, मग तिरपी रेघ देऊन क्लास, पुन्हा तिरपी रेघ देऊन व्हिप, सगळं छोट्या रोमन अक्षरांत. आउटपुटमध्ये एन्कोडर एक्स२६४, रेट कंट्रोल सीबीआर, बिटरेट २०००, प्रोफाइल बेसलाइन, ट्यून झिरोलेटन्सी. कीफ्रेमचा (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) अंतराल २ सेकंद ठेवा. तो शून्यावर सोडला तर २५० फ्रेमांनी एकदा कीफ्रेम येते, म्हणजे १५ च्या गतीला उशिरा आलेल्या पोराला सोळा-सतरा सेकंद काळी स्क्रीनच दिसू शकते. माइक बंद ठेवा; एकाच खोलीत तीस मोबाइलांतून सरांचा आवाज आला तर नुसता कलकलाट.

बहुतेकांची गाडी अडते ती मराठी अक्षरांवर. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन ७२०पीत बसवताना ओबीएस चित्र आक्रसतो, आणि सगळ्यात आधी जातात ते अनुस्वार, रफार आणि उकार. ‘खर्च’ आणि ‘खच’ सारखेच दिसायला लागतात. उपाय सोपा: विंडोजचंच रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा, ओबीएसचा कॅनव्हास आणि आउटपुटही तेच ठेवा, आणि एक्सेल १३० टक्के झूम करा. तरी पुसट वाटलं तर बिटरेट आधी वाढवू नका, फ्रेम १० वर आणा.

लॅपटॉपला दोन ग्राफिक्स कार्ड असतील तर डिस्प्ले कॅप्चर, म्हणजे ओबीएसने घेतलेलं स्क्रीनचं चित्र, काळं येऊ शकतं. तसं झालं तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला ‘पॉवर सेव्हिंग’ लावा.

मोबाइलवर ब्राउझरमध्ये एचटीटीपी पूर्ण टाइप करून १९२.१६८.१.१०, पोर्ट ८८८९ आणि क्लास एवढं टाकायचं. पान उघडत नसेल तर आधी मोबाइल डेटा बंद करायला सांगा. नेट नसलेलं वायफाय दिसलं की अँड्रॉइड गुपचूप सिमच्या डेटावर जातो. तरी अडलं तर राउटरचं गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू असणार, ते बंद करा. पान उघडलं पण चित्र नाही, तर फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ८१८९ (व्हिडिओ जायची वाट) अडलेला असू शकतो.

घरगुती राउटर वीस-पंचवीस मोबाइलांवर धापा टाकतो. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून केबलने जोडा आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ११ द्या. ज्यांच्या मोबाइलला ५ गिगाहर्ट्झ चालतं त्यांना तिकडे वळवा, एकाच खोलीत रेंजची अडचण येत नाही. यूपीएसवर पीसीबरोबर दोन्ही राउटरही घ्या. आणि स्ट्रीम सुरू करण्याआधी व्हॉट्सॲप वेब बंद करा, नाहीतर घरचा निरोप तीस जण वाचतील.