टाकी धुतली की निऑन टेट्रा धापा टाकायचे, अखेर कारण सापडलं

साफसफाईनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या फिश टँकमधले हे छोटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करायचे. कल्ले भराभर हलायचे, शेपटीकडची लाल पट्टी फिकट गुलाबी पडायची. दर वेळी एक-दोन दगावायचे. एअर पंप वाढवला, बुरशीचं औषध टाकलं, फरक शून्य. वैताग आला होता.

शेवटी पाणी तपासायचं टेस्ट किट आणलं. अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात येणारं विष, 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक)! असायला हवा 0. चूक माझीच: फिल्टरचा स्पंज मी नळाखाली स्वच्छ होईपर्यंत धूत होतो. अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं.

मग आधी दोन दिवस खाणं बंद केलं. त्यानंतर स्पंजाला हात न लावता रोज 30 टक्के पाणी बदललं. नवं पाणी डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं, म्हणजे 25 अंश. अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते, तेही विषारीच) दोन्ही 0 येईपर्यंत रोज टेस्ट. मला 16 दिवस लागले. लाल पट्टी त्याआधीच गडद झाली होती.

आता महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज दोनदा पिळतो, बस. तपकिरी दिसतो, दिसू दे. काचा घासायच्या त्या वेगळ्या दिवशी.