मोकळ्या जागेतल्या कार्यक्रमस्थळावरून वस्तीत वाद आहे? तो असा सोडवा

“सगळ्यांना एकत्र बसवा आणि मोकळेपणाने बोलू द्या.” या वादात हाच सल्ला सर्वांत जास्त दिला जातो आणि सर्वांत जास्त नुकसानही तोच करतो. दोनशे माणसांच्या सभेत पहिल्या दहा मिनिटांत बाजू पडतात. ज्याचा आवाज मोठा, त्याचे म्हणणे वस्तीचे मत ठरते. चारचौघांत एकदा “माझा विरोध आहे” म्हणून बसलेला माणूस पुढे चांगली तडजोड समोर आली तरी मागे येत नाही. जाहीर सभा घ्यायचीच आहे, पण सगळ्यात शेवटी.

१. प्रस्ताव एका पानावर, आकड्यांत

“वर्षातून काही सांस्कृतिक कार्यक्रम” या वाक्यावर कुणाचेही समाधान होणार नाही आणि होऊही नये. रंगमंच नेमका कुठे आणि त्याचे तोंड कुठल्या दिशेला, एका वेळी जास्तीत जास्त माणसे किती, वर्षात कार्यक्रम किती आणि त्यातले ध्वनिवर्धकावरचे किती, संगीत किती वाजता थांबणार, मैदान किती वाजता रिकामे होणार, साउंड चेक कधी, हे सगळे प्रस्ताव आणणाऱ्याकडून लिहून घ्या. उभारणी आणि उतरवणीचे दिवस व तास हमखास राहून जातात. कार्यक्रम दहाला संपतो, पण लोखंडी खांब ट्रकमध्ये टाकल्याचा खणखणाट मध्यरात्रीनंतर सुरू होतो. शेजारच्या घरांना पुष्कळदा गाण्यांपेक्षा त्याचाच जास्त त्रास होतो.

२. विरोधाची वर्गवारी करा

घरोघर जा. दोघांनी जा, एक पाठिंबा देणारा आणि एक विरोध करणारा. एकाच बाजूची माणसे गेली तर ती नोंद दुसरी बाजू मानत नाही आणि सगळी पायपीट वाया जाते. “तुम्ही बाजूने की विरोधात?” हा प्रश्न विचारूच नका. विचारा ते हे: नेमके काय बिघडेल असे वाटते, दिवसाच्या कुठल्या वेळी, आणि घरात रात्रपाळीचे, आजारी किंवा तान्हे बाळ असलेले कुणी आहे का. पाठिंबा देणाऱ्यांनाही विचारा की त्यांना खरोखर काय हवे आहे. कित्येकांना मोठ्या मैफली नको असतात, संध्याकाळी बसायला जागा आणि मुलांच्या कार्यक्रमांना एक मंच हवा असतो.

नोंदी नकाशावर रंगांनी भरा. आवाज, गाड्या, खेळायची-फिरायची जागा हातची जाणे, घाण, आणि पाचवा रंग अविश्वासाचा: “आज दहा म्हणतील, उद्या चाळीस करतील.” हा पाचवा रंग सगळीकडे पसरलेला दिसला तर भिंती आणि स्पीकरची चर्चा बाजूला ठेवा. त्या घरांना कमी आवाज नको आहे, न मोडणारी अट हवी आहे, आणि त्याचे उत्तर सहाव्या टप्प्यात आहे.

३. आठ-दहा जणांचा गट

पुढची चाचणी आणि अटींची बोलणी या गटात होतील. नकाशावर ज्यांचे रंग सर्वांत गडद, त्या घरांतली माणसे यात हवीतच. अध्यक्ष दोन्ही बाजूंना चालेल असा बाहेरचा असावा.

४. आवाजाची चाचणी

वाद सुटतो किंवा कायमचा चिघळतो तो इथे. बहुतेक ठिकाणी चाचणी होते, आकडे येतात आणि भांडण आणखी वाढते, कारण किती आकडा आला तर काय करायचे हे आधी कुणी ठरवलेलेच नसते. घरापाशी ५८ डेसिबल आले की आयोजक म्हणतात, “बघा, किती कमी.” रहिवासी म्हणतात, “बघा, किती जास्त.” दोघेही प्रामाणिकपणेच बोलत असतात. म्हणून मापकयंत्र पेटीतून काढण्याआधी एक कागद करा: कुठे मोजायचे, किती वाजता, कोणते संगीत, कोणते एकक, आणि मर्यादा ओलांडली तर काय. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय स्पीकरची वायरसुद्धा जोडू देऊ नका.

मोजणारा आयोजकांचा साउंडवाला नको आणि मोबाइलवरचे ॲपही नको. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालच्या स्वरांवर त्याचा भरवसा नाही. ध्वनिमापनाचा जाणकार दोन्ही बाजूंनी मिळून निवडा, मेहनताना प्रस्ताव आणणाऱ्याने द्यावा, आणि अहवाल सगळ्यांना एकाच वेळी मिळावा. यंत्र मोजणीआधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर, म्हणजे नेमका तेवढाच आवाज काढणाऱ्या उपकरणावर, तपासतात. दोन्ही वेळच्या आकड्यांत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर त्या रात्रीची मोजणी रद्द धरा.

जागा निवडताना सर्वांत जवळचे घर, रंगमंचाच्या पाठीमागचे घर, लांबचे पण उंचावरचे घर, आणि एक ठिकाण पूर्णपणे विरोधकांच्या पसंतीचे. वरचा मजला विसरू नका. कुंपणाच्या आडोशाने तळमजल्यावर शांत वाटते आणि दुसऱ्या मजल्यावर रंगमंच थेट समोर येतो. यंत्र जमिनीपासून दीड मीटरवर आणि भिंतीपासून साडेतीन मीटर दूर ठेवतात, कारण भिंतीवरून परतणारा आवाज आकडा तीनेक डेसिबलने फुगवू शकतो. एक मोजणी उघड्या खिडकीच्या झोपायच्या खोलीतही घ्या.

आता वेळ. दुपारी केलेली चाचणी ही फसवणूक आहे, मग करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि आवाज वरच्या बाजूला वळून निघून जातो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन निवते, वरची हवा तुलनेने उबदार राहते आणि तोच आवाज वाकून खाली, लांबच्या घरांवर उतरतो. दुपारी जिथे काहीच ऐकू आले नाही तिथे रात्री गाण्याचे शब्द कळतात. कार्यक्रम ज्या वेळी संपणार त्याच वेळी मोजा, वाऱ्याची दिशा लिहून ठेवा आणि वारा सेकंदाला पाच मीटरहून जास्त असेल तर सरळ दुसरी तारीख घ्या.

संगीत खरेखुरे वाजवा, सबवूफरसकट, म्हणजे खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरांसकट. भाषणाची ध्वनिफीत लावून “बघा, त्रास नाही” म्हणणाऱ्यांवर वस्ती पुन्हा विश्वास ठेवत नाही. साउंडवाल्याच्या मिक्सरपाशी, जिथून आवाज कमी-जास्त करतात तिथे, पातळी बांधून घ्या, समजा रंगमंचापासून ३० मीटरवर सरासरी ९५ डेसिबल. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत साधारण सहा डेसिबल घटतात. या हिशेबाने ४०० मीटरवरच्या घरापाशी सुमारे ७२ उरतील. हा हिशेब चाचणीच्या आधीच करून सगळ्यांना दाखवा, म्हणजे आकडा पाहून कुणाला धक्का बसणार नाही. ओळीने टांगलेल्या उंच स्पीकरांचा आवाज जवळच्या टप्प्यात याहून सावकाश घटतो, हेही सांगा.

एकक हा सगळ्यात घसरडा भाग आहे आणि इथे मी कुणाचे ऐकून घेणार नाही: डीबी-ए आणि डीबी-सी, दोन्ही आकडे हवेत. डीबी-ए हे मापन कानाच्या संवेदनेला धरून खालचे स्वर कापते, ६३ हर्ट्झवर तब्बल २६ डेसिबल. डीबी-सी तिथे एक डेसिबलही कापत नाही. आणि रात्री घरात जे पोहोचते ते नेमके खालचेच असते. गाण्याचे शब्द आणि झांजा हवेत आणि भिंतींत विरून जातात, धप्-धप् उरते. झोपलेल्या माणसाला सूर ऐकू येत नाही, पण खिडकीचे तावदान थरथरते आणि कपाटावरचा स्टीलचा डबा किणकिणतो. अशा घरात फक्त डीबी-ए मोजले तर कागदावर सगळे आलबेल दिसते आणि त्या घरातला माणूस खोटा पडतो. दोन्ही आकड्यांत वीसेक डेसिबलचा फरक निघाला तर तक्रार आवाजाच्या मोठेपणाची नसून सबवूफरची आहे असे समजा.

मोजणी पंधरा मिनिटांच्या सरासरीची घ्या, क्षणाक्षणाला हलणाऱ्या काट्याची नको. तशाच एका रात्री, त्याच वेळी, संगीत नसताना पार्श्वभूमीचा आवाजही मोजा. ३५ डेसिबलच्या शांत गल्लीत ५० म्हणजे झोपमोड, आणि तेच ५० वाहत्या रस्त्यालगत जाणवतही नाहीत.

मर्यादा किती ठेवावी? स्थानिक कायद्याची मर्यादा हे छत, त्याच्या वर जायचेच नाही. त्याखाली कुठे थांबायचे हे दिवसांच्या संख्येवर ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांत रात्रीच्या झोपेसाठी उघड्या खिडकीबाहेर ४५ डेसिबल सुचवले आहेत. ब्रिटनमधल्या १९९५च्या मैफलींच्या संहितेत वर्षातून एक ते तीन दिवस असतील तर शहरी स्टेडियम वगळता इतर ठिकाणी ६५ पर्यंत मुभा होती आणि चार ते बारा दिवसांसाठी पार्श्वभूमीच्या वर १५ पर्यंतच. यातले तत्त्व उचलण्यासारखे आहे: दिवस वाढवायचे असतील तर आवाज उतरवा. ही देवाणघेवाण समोर आली की ताठर वाटणारी माणसेही बोलायला लागतात, कारण आता “हो की नाही” सोडून “किती” वर बोलता येते.

चाचणी नापास झाली तर उपाय या क्रमाने करा: रंगमंचाचे तोंड फिरवा, रंगमंच सरकवा, स्पीकर प्रेक्षकांवर खाली झुकवा, सबवूफर मागच्या बाजूचा आवाज खोडतील अशा रचनेत लावा, पातळी उतरवा, तास कमी करा. भिंत सगळ्यात शेवटी. ५० हर्ट्झच्या स्वराची एक लहर सुमारे सात मीटर लांब असते, तीन मीटरची भिंत तिला अडवत नाही, ती वरून वळून पलीकडे जाते. झाडांची रांग डोळ्यांना बरी, पण आवाजावर तिचा उपयोग जवळपास शून्य. वस्तीच्या तोंडावर झाडांचे आश्वासन फेकणाऱ्याला तिथेच थांबवा. एवढे करूनही मर्यादा पाळता येत नसेल तर ती जागा चुकीची आहे, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

५. गाड्या

इथे सरळ गणित आहे. ३,००० माणसे, त्यातली निम्मी गाडीने, एका गाडीत तिघे, म्हणजे ५०० गाड्या. बाहेर पडायच्या तोंडाशी सहा सेकंदांना एक गाडी सुटली तरी ५० मिनिटे लागतात. संगीत दहाला थांबले तरी वस्तीची रात्र अकराला सुरू होते, तेव्हा करारात मैदान रिकामे होण्याची वेळच लिहा. मार्गांचे अंतर मोजून ठेवा आणि एक मार्ग रुग्णवाहिकेसाठी कायम मोकळा राहील हे आधी पाहा.

६. अटी अशा लिहा की मोडता येणार नाहीत

“आवाज योग्य पातळीवर ठेवला जाईल” ही अट नव्हे. अटीत आकडा, मोजण्याचे ठिकाण, मोजणारा आणि मोडल्यास काय, हे चारही हवे. सर्वांत महत्त्वाचे: वेळ झाल्यावर आवाज बंद कोण करणार? ते पद लिहा. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १४ जुलै २०१२ रोजी ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी मंचावर असताना ठरलेली वेळ उलटली म्हणून ध्वनियंत्रणा बंद केली गेली. एवढे मोठे कलावंत मंचावर असताना ते होऊ शकले, कारण बंद करायचे हे आधीच ठरले होते.

उलट उदाहरण डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमचे, २०१४ सालचे. अमेरिकी गायक गार्थ ब्रूक्सच्या पाच मैफली जाहीर झाल्या, सुमारे ४ लाख तिकिटे विकली गेली आणि परवानगी मात्र नंतर मागितली गेली. त्या वर्षी तिथे तीन मोठ्या मैफली आधीच झाल्या होत्या आणि रहिवाशांचा विरोध तीव्र होता. महापालिकेने पाचपैकी तीन मान्य केल्या, गायकाने “पाच नाहीतर एकही नाही” म्हटले, आणि पाचही रद्द झाल्या. म्हणून वार्षिक संख्येशेजारीच हे वाक्य हवे: परवानगी हातात येईपर्यंत तिकीट विकायचे नाही.

तिसरी अट न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून घ्या. तिथल्या मंचावर ध्वनियंत्रणा आणि तंत्रज्ञ शहराचाच असावा असा नियम झाला आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. दर कार्यक्रमाला नवा साउंडवाला येतो तेव्हा तो त्या जागेचा आवाज ओळखत नाही, कमी पडतोय म्हणून वाढवत जातो. कायमची यंत्रणा, तिच्यावर मर्यादक, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारे उपकरण, आणि त्याची किल्ली मंचावरच्या कुणाकडेही नाही, एवढे केले की निम्मी भांडणे उरत नाहीत. शिवाय प्रेक्षकांनाही चांगले ऐकू येते.

७. पहिले वर्ष तात्पुरते

परवानगी एका वर्षाची, ठरलेल्या तारखेला आपोआप संपणारी. नूतनीकरणासाठी आयोजकांनी यावे, बंद करण्यासाठी रहिवाशांनी धावू नये. कार्यक्रमाच्या वेळी उचलला जाईलच असा एक फोन क्रमांक, तक्रार आल्यावर पंधरा मिनिटांत त्या घरापाशी मोजणी, आणि आकडा लगेच त्या घराला. नोंदवही कुणालाही पाहता यावी.

८. आता जाहीर सभा

भिंतीवर रंगांचा नकाशा, चाचणीचे आकडे आणि अटींचा मसुदा मोठ्या अक्षरांत लावा. “कार्यक्रमस्थळ हवे की नको” यावर हात वर करायला लावू नका. एकेक अट वाचा आणि विचारा, ही पाळली गेली तर तुमची कुठली हरकत उरते? उरलेली हरकत त्या अटीसमोरच, सगळ्यांदेखत, बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. सभेनंतर दोन दिवसांत बदललेला मसुदा प्रत्येक घरात पोहोचवा, सभेला न आलेल्या घरांतही, आणि सह्या त्यानंतर आठवड्याने घ्या.