मेद संपृक्त की असंपृक्त, हे कसे ओळखावे

मेद संपृक्त आहे की असंपृक्त, याचा निवाडा बहुधा तो गोठतो की पातळ राहतो यावरून केला जातो. हा निकष सोयीचा असला तरी पुरेसा नाही. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे पौषात काडीने उकरून काढावे लागणारे तेल वैशाखात पाण्यासारखे ओतता येते. पण ऋतू पालटला म्हणून त्याचे रेणू पालटत नाहीत.

खरा फरक मेद ज्या आम्लांपासून बनतो, त्या मेदाम्लांच्या कार्बन-साखळीत असतो आणि तो सूत्रावरून मोजता येतो. कार्बनच्या अणूंची संख्या दुप्पट करावी. हायड्रोजनचे अणू तेवढेच भरले, तर साखळीत सगळे एकेरी बंध आहेत, म्हणजे आम्ल संपृक्त आहे; कमी भरले, तर जितके कमी त्याच्या निम्मे दुहेरी बंध आहेत. स्टिअरिक, ओलेइक आणि लिनोलेइक या तिन्ही आम्लांत कार्बन १८च असतात, मात्र हायड्रोजन अनुक्रमे ३६, ३४ आणि ३२, म्हणून दुहेरी बंध शून्य, एक आणि दोन. ओलेइक आम्लाच्या साखळीला दुहेरी बंधापाशी बाक येतो, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना खेटून बसू शकत नाहीत. स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंशांना वितळते, तर ओलेइक १३-१४ अंशांनाच.

प्रत्यक्ष पडताळ्यासाठी एका परीक्षानळीत ४ मिली खोबरेल तेल आणि दुसरीत तेवढेच करडईचे तेल घ्यावे. दोन्ही नळ्या गरम पाण्यात उभ्या कराव्यात, प्रत्येकीत टिंक्चर आयोडीनचे चार थेंब टाकावेत आणि हलवत राहावे. टिंक्चरमध्ये अल्कोहोल असल्यामुळे जवळपास ज्योत नसावी. आयोडीन दुहेरी बंधांना जोडले जाते, म्हणून करडईच्या नळीतला रंग आधी फिका पडतो. ही क्रिया संथ असते. घाईने निष्कर्ष काढू नये.

खोबरेल तेलाचा रंगही थोडा उतरला, तर प्रयोग फसला असे समजू नये, कारण नैसर्गिक मेद हे नेहमी मिश्रण असते आणि खोबरेल तेलातही थोडे ओलेइक आम्ल असतेच. म्हणूनच प्रयोगशाळेत १०० ग्रॅम मेद किती ग्रॅम आयोडीन शोषतो हे मोजतात आणि त्याला आयोडीन मूल्य म्हणतात: खोबरेल तेलाचे ते साधारण ६ ते ११ असते, तर नेहमीच्या करडई तेलाचे १३५च्या पुढे.