संकेतस्थळ बंद पडणार, असं धरूनच आराखडा करा

माझ्या टेबलामागच्या कपाटात सोनेरी रंगाच्या ६२ सीडी आहेत. २००६ साली वाचनालयाच्या शताब्दीला देणगी मिळाली, तेव्हा जुन्या मासिकांचे १४० बांधीव खंड आम्ही स्कॅन करून घेतले होते. त्या सीडींतल्या फायली फक्त कंत्राटदाराच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये उघडायच्या. प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवर चालायचा आणि तो चालवायला संगणकाच्या मागे एक किल्ली खोचावी लागायची. किल्ली हरवली, एक्सपी गेलं, कंत्राटदाराने धंदा बदलला.

२०१२ मध्ये पुन्हा उत्साह आला. या वेळी पान उलटल्यासारखं दिसणारं संकेतस्थळ केलं, खर्‌र आवाजासकट. ते फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, होतं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि जानेवारीत आमच्या पानांच्या जागी करडा चौकोन आला. मधल्या काळात, २०१७ मध्ये, मोठमोठ्या पीडीएफ चढवल्या होत्या. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं, वाचक एव्हाना मोबाइलवर गेला होता, आणि १२० एमबीची फाइल मोबाइलवर उघडून वाचणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

मी तालुक्याच्या गावी ‘अ’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. एकच काम तीनदा करून झाल्यावर चौथ्यांदा आम्ही आराखडा वेगळ्या पद्धतीने लिहिला. तो कसा लिहायचा, ते तुमच्यासारख्याच तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांसाठी इथे मांडते.

दोन कागद घ्या

खरंच घ्या, कोरे, फुलस्केप. पहिल्यावर वीस वर्षं न बदलणाऱ्या गोष्टी लिहायच्या: मूळ स्कॅन, प्रत्येक वस्तूचा क्रमांक, तिची नोंद. दुसऱ्यावर तीन-चार वर्षांत बदलणाऱ्या: संकेतस्थळ, सॉफ्टवेअर, मजकूर शोधायची सोय, वाचकाच्या हातातलं यंत्र. आमची चूक ही की तिन्ही वेळा आम्ही सगळं एकाच कागदावर लिहिलं. मग दुसऱ्या कागदावरचं काही मेलं की पहिल्यावरचंही सोबत गेलं.

पैसेही तसेच वाटा. अनुदान मार्चअखेर येतं आणि मार्चअखेर खर्चायचं असतं, म्हणून आपण स्कॅनर घेतो. स्कॅनरचं बिल दाखवता येतं. देखभालीचं बिल कुणाला आवडत नाही. माझा हिशेब साधा आहे: स्कॅनिंगला दहा रुपये लावले तर पुढची पाच वर्षं दरसाल एक रुपया बाजूला. अंदाजपत्रकात ‘डिजिटल देखभाल’ असं वेगळं शीर्षक करून घ्या, नाहीतर ती रक्कम पंख्यांच्या दुरुस्तीत जाते.

पहिला कागद: इथे घाई नको

जुना कागद दोनदा उघडायची संधी देत नाही. २००६ मध्ये शाबूत असलेल्या खंडांपैकी काहींची पानं दुसऱ्या स्कॅनिंगच्या वेळी हातातच तुटली. पहिल्या वेळच्या मूळ प्रतिमा असत्या, तर तो खंड पुन्हा उघडावाच लागला नसता. कंत्राटदाराने दाबून लहान केलेल्या प्रतिमा दिल्या आणि मूळच्या पुसून टाकल्या. त्याचंही फार चुकलं म्हणता येत नाही. डेमी आकाराचं पान, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, ४०० डीपीआयने (इंचाला ४०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं तर न दाबलेली प्रतिमा २२ एमबीच्या आसपास जाते. तीनशे पानांचा खंड पावणेसात जीबी. सीडीत मावायचे ७०० एमबी. एका खंडाला दहा सीडी कोण देणार होतं?

आज तोच हिशेब करून बघा: १४० खंड, ९५० जीबीच्या आत. दोन टेराबाइटच्या हार्डडिस्कवर आरामात बसतात. म्हणून आता मूळ प्रतिमा टिफमध्येच ठेवायच्या; या स्वरूपाची शेवटची मोठी आवृत्ती १९९२ ची आहे आणि ती अजून सगळीकडे उघडते. जुनाट असणं हा इथे गुण आहे. ३०० डीपीआय चालतं, पण तळटिपांचा बारीक टाइप आणि झिजलेले अनुस्वार असतील तर ४०० च घ्या. वाचकाला द्यायची छोटी प्रत यातून कधीही काढता येते, उलटं करता येत नाही.

फाइलचं नाव फक्त आकड्यांत. आमच्याकडे ००४२१७-१९०९-११-००३५ अशा धर्तीचं असतं: दाखल क्रमांक, वर्ष, महिना, प्रतिमेचा क्रमांक. (प्रत्यक्षात हे आकडे इंग्रजीतले ठेवा.) दाखल क्रमांक आपल्या नोंदवहीत आधीपासून आहेच, नवीन काही शोधून काढायची गरज नाही. नावात मराठी शब्द टाळा, कारण तोच शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य कुणी नुक्त्याच्या ऱ ने लिहितो, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. आमच्या यादीत ‘कोऱ्या’ शोधलं की निम्म्या नोंदी यायच्या आणि उरलेल्या कुठे गेल्या ते कळायला मला दोन महिने लागले. नोंदींसाठी एकच पद्धत ठरवा, भिंतीवर चिकटवा.

नोंद कशी करायची? डब्लिन कोअर या ठरावीक नोंदपद्धतीचे पंधरा रकाने पुरतात. (हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोचं; १९९५ मध्ये तिथे बैठक झाली होती. मी बरीच वर्षं आयर्लंडच समजत होते.) त्यात आपले तीन रकाने वाढवा. एक, लेखकाचं खरं नाव आणि टोपणनाव वेगवेगळं. दोन, अंकावर छापलेला शक आणि त्यावरून काढलेलं इसवी सन, दोन्ही. कार्तिक शके १८३१ म्हणजे १९०९, ७८ मिळवून. पण त्याच शकातला माघ १९१० मध्ये पडतो, तिथे ७९ मिळवायचे. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. अशा अंकाशेजारी चुकीचं साल पडलं तर अभ्यासक आपल्यावर विश्वास ठेवायचं सोडतात.

तिसरा रकाना ‘मुक्त होण्याचं वर्ष’. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतो. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०३० ला मुक्त. मासिकात एका अंकात वीस लेखक असतात, त्यामुळे हा रकाना अंकाला न लावता लेखाला लावावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातून पुढच्या दहा वर्षांचं वेळापत्रक आपोआप तयार होतं.

ही यादी कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पोटात ठेवून विसरू नका. साध्या मजकुराच्या फायलीत, स्वल्पविरामाने तोडलेले रकाने, युनिकोडमध्ये. आमची आधीची यादी युनिकोडपूर्व फाँटात होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती म्हणजे रोमन अक्षरांची भेळ दिसायची.

दुसरा कागद: जिथे राहायला जाल, तिथून निघायची वाट आधी बघा

सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी चहा देते आणि एकच सांगते: दहा वस्तू चढवा, आता त्या नोंदींसकट सगळ्या बाहेर काढून माझ्या पेनड्राइव्हवर द्या. निम्मे जण ‘ते नंतर बघू मॅडम’ म्हणतात.

डीस्पेस हे डिजिटल संग्रह ठेवायचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. २००२ मध्ये एमआयटी आणि एचपीने आणलेलं, मोफत, विद्यापीठांत रुळलेलं. पण २०२१ च्या सातव्या आवृत्तीत त्याचा वाचकासमोरचा भाग पूर्ण नव्याने बांधला गेला, आणि जुन्या आवृत्तीवरून तिथे जायला जाणता माणूस लागतो. तो तुमच्या गावात आहे का? नसेल आणि वस्तू पाचशेच्या आत असतील, तर साधी स्थिर पानं करा. एका अंकाला एक पान, त्यावर नोंद, छोट्या प्रतिमा, खाली पीडीएफचा दुवा. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, अद्ययावत करायला काही नाही. दिसायला गरीब वाटतं. चालतं मात्र. ॲपच्या फंदात तर पडूच नका. आम्ही २०१९ मध्ये पडलो. कुणी अद्ययावत केलं नाही म्हणून वर्ष-दीड वर्षात ते स्टोअरमधूनच दिसेनासं झालं.

पत्ता मात्र स्वतःचा हवा आणि तो संस्थेच्या नावावर हवा. आमचं डोमेन, म्हणजे हाच पत्ता, तत्कालीन कार्यवाहांच्या भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतलं होतं. भाचा पुण्याला गेला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर पडत राहिली. तो पत्ता आज रमीच्या जाहिराती दाखवतो, आणि आमच्या स्मरणिकेच्या पाचशे प्रतींवर त्याचाच क्यूआर कोड छापलेला आहे. तेव्हा ‘ग्रंथपाल’ या पदाच्या नावाने ईमेल काढा, डोमेनची मुदत कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवा आणि शक्य तेवढ्या वर्षांचे पैसे एकदम भरा.

हक्कमुक्त झालेलं साहित्य इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावरही चढवा. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चं मूळ संकेतस्थळ बंद पडलं; त्यातली लाखो पुस्तकं आज वाचायला मिळतात, ती कुणीतरी तिथे नकलून ठेवली म्हणून. पण तेवढ्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा अर्काइव्हही काही दिवस बंद होतं. त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ब्रिटिश लायब्ररीवर असाच हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन सूची परत यायला जानेवारी उजाडला. त्यांच्यापुढे आपण कोण?

छापील पानांतून मजकूर ओळखायची सोय याच कागदावर येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टेसरॅक्ट हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठी वाचतं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीनंतर बरंच सुधारलं. अजून सुधारेल. म्हणून आज निघालेला मजकूर हाताने तपासत सगळी माणसं गुंतवू नका. मूळ प्रतिमा चांगली असेल तर तीन वर्षांनी पुन्हा चालवा, फुकटात चांगलं मिळेल. तपासायचीच हौस असेल तर निवडक लेख घ्या आणि मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या भावंड-प्रकल्पावर) करा, तिथे मदतीला माणसं आहेत.

वर्षातून एक दिवस

ग्रंथांची पडताळणी करतोच आपण. त्याच आठवड्यात एक दिवस फायलींची करा. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली सांकेतिक खूण, काढून ठेवलेला असावा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ६४ अक्षरांचा हा ठसा बदलतो. संगणक रात्रभर ठसे जुळवतो, सकाळी न जुळलेल्यांची यादी मिळते. आमच्याकडे गेल्या खेपेस तीन निघाल्या, सगळ्याची दुसरी प्रत असलेल्या डिस्कवरून बदलल्या.

मग वायफाय बंद करून शिपाईमामांच्या मोबाइलवर आपलं संकेतस्थळ उघडा. माझ्या संगणकावर ते नेहमी छान दिसतं, त्याला अर्थ नाही. ब्राउझर ‘असुरक्षित’ म्हणतोय का बघा. क्रोमने जुलै २०१८ पासून तसं दाखवायला सुरुवात केल्यावर आमचे वाचक घाबरून फोन करत होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता. वाचकसंख्या तपासा, पण हुरळून जाऊ नका. मागच्या वर्षी एका महिन्यात चाळीस हजार भेटी झाल्या म्हणून कार्यकारिणीत पेढे वाटले. नंतर कळलं, ते एआय कंपन्यांसाठी मजकूर गोळा करणारे, आपोआप चालणारे प्रोग्रॅम (बॉट) होते आणि त्यांच्या गर्दीत खऱ्या वाचकाला पान उघडत नव्हतं. स्थिर पानांवर आल्यापासून तो त्रास पुष्कळ कमी झाला.

शेवटी दुसरा कागद समोर घेऊन मेलेल्या ओळी खोडायच्या आणि नवीन काय आलं त्यातलं आपल्याला काय लागू, ते पेन्सिलीने लिहायचं. पहिल्या कागदाला हात लावायचा नाही.

राहता राहिली दुसरी डिस्क. ती एकाच इमारतीत ठेवून उपयोग नाही, एकाच नदीच्या काठीही नको. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरलं, तेव्हापासून मला ही धास्ती आहे. आमचं गाव कृष्णाकाठी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचनालयाशी आम्ही अदलाबदल ठरवली आहे. त्यांची डिस्क आमच्या कपाटात, आमची त्यांच्या. दर दिवाळीनंतर त्यांच्या ग्रंथपालबाई एसटीने येतात, डिस्क चिवड्याच्या डब्यात, वर रुमाल गुंडाळलेला. यंदा येताना त्यांना सांगितलंय, डबा वेगळा आणा, मागच्या वेळी केबलला तेलाचा हात लागला होता.