नायटा, खरूज, पित्त आणि पुरळ: औषध लावण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात त्वचेच्या तक्रारी ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळा लागला की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, रोपलावणीत बायकांचे पाय दिवसभर चिखलात राहतात आणि जांघेतला नायटा, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या घरोघरी दिसू लागतात. उसाच्या हंगामात पाचटाने कापलेले हात आणि कुसळांनी खाजणारी मान घेऊन माणसे येतात, तर एप्रिल-मेमध्ये घामोळ्यांनी लहान मुले हैराण होतात. यांतले बहुतेक आजार पूर्ण बरे होणारे आहेत. तरीही ते महिनोन्महिने रेंगाळतात, कारण आजार कोणता हे ठरण्याआधीच उपचार सुरू झालेला असतो. पुरळ हे लक्षण आहे. ते बुरशीमुळे, किड्यामुळे, विषाणूमुळे, ॲलर्जीमुळे किंवा पोटात घेतलेल्या औषधामुळेही उठू शकते, आणि यांतल्या एकाचा उपचार दुसऱ्याला अपाय करणारा ठरू शकतो.

मेडिकलमधून मागून आणलेली ट्यूब

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. जांघेत किंवा कमरेवर खाज सुटली की माणूस लाजेपोटी डॉक्टरांकडे जात नाही आणि मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब’ मागतो. हातात पडते ती बहुधा मिश्र मलमाची ट्यूब असते. तिच्यात बुरशीवरचे औषध असते, जंतूंवरचे असते आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइडही असते. स्टिरॉइड त्वचेचा दाह दाबते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि औषध लागू पडले असा समज होतो. प्रत्यक्षात बुरशीला अडवणारी त्वचेची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या स्टिरॉइडने दाबलेली असते. बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि ट्यूब थांबवताच नायटा आधीपेक्षा मोठा होऊन परततो. मग पुन्हा तीच ट्यूब आणली जाते, आणि हे चक्र काही वेळा वर्षानुवर्षे चालते.

या चक्रात नायट्याचे मूळ रूपच हरवते. नेहमीचा नायटा, ज्याला आपण गजकर्णही म्हणतो, ओळखायला सोपा असतो: गोल चट्टा, कडेला उंचवटा आणि कोंडा, मध्यभागी जवळजवळ स्वच्छ त्वचा. स्टिरॉइड लावलेल्या नायट्यात एका वर्तुळात दुसरे वर्तुळ दिसते, कड पुसट होते आणि तज्ज्ञ डॉक्टरलाही क्षणभर थांबून विचार करावा लागतो. जांघेतली आणि काखेतली त्वचा मुळात पातळ असल्यामुळे तिथे कायमचे पांढरट-जांभळे ओरखडे उमटतात, जे पुढे कोणत्याही औषधाने पूर्ण जात नाहीत. हीच ट्यूब गोरे होण्यासाठी किंवा वांगाच्या डागांवर चेहऱ्याला लावणाऱ्या मुलींच्या गालांवर लाली, मुरमे आणि बारीक केस येतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ प्रकारची स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचखाली आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण मागणारा ग्राहकच चिठ्ठीविना ट्यूब मागत राहिला, तर नियमाचा उपयोग मर्यादित राहतो. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असे नाव दिसले, तर ते स्टिरॉइड आहे आणि नायट्यावर ते लावायचे नाही, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. स्टिरॉइड हे वाईट औषध आहे असा याचा अर्थ नाही. इसबासारख्या आजारात, योग्य तीव्रतेचे आणि ठरलेल्या मुदतीपुरते लावले, तर त्याच्याइतका आराम क्वचितच दुसऱ्या कशाने मिळतो.

नायटा दिसेनासा झाला की औषध सोडणे

योग्य औषध मिळूनही नायटा परततो, याचे मोठे कारण म्हणजे मुदतीआधी थांबलेला उपचार. चट्टा दिसेनासा झाल्यावरही बुरशी त्वचेत शिल्लक असू शकते, म्हणून मलम साधारणपणे आणखी दोन आठवडे लावण्याचा सल्ला दिला जातो. ते चट्ट्याच्या कडेबाहेरही दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे लागते, कारण वाढती बुरशी कडेला असते. आपण मात्र नेमके मधोमध चोळतो. अंगावर अनेक ठिकाणी चट्टे असतील, तर केवळ मलमाने भागत नाही आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. भारतात गेल्या काही वर्षांत आढळणाऱ्या हट्टी नायट्यामागे जी बुरशी आहे, तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले, आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला ज्या गोळीने गुण आला तीच गोळी आपल्यालाही चालेल, असे आता गृहीत धरता येत नाही.

कुस्तीच्या या शहरात तालमीविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. अंगाला अंग घासणाऱ्या खेळात नायटा एका पैलवानाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. मातीत ताक, तेल आणि हळद घालण्याची परंपरा जपण्यासारखीच आहे, पण नायटा झालेल्या मुलाला ती माती बरे करील या भरवशावर त्याला आखाड्यात उतरवणे हे त्याच्या जोडीदारांवर अन्याय करणारे आहे. लंगोट आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा, सरावानंतर लगेच आंघोळ करून अंग, विशेषतः जांघा आणि बोटांच्या बेचक्या, कोरड्या कराव्यात, आणि चट्टा दिसताच वस्तादांना सांगावे. मुले लपवतात, कारण सराव बंद होईल ही भीती असते. ती भीती घालवणे मोठ्या माणसांच्या हातात आहे.

घरातही हेच लागू होते. ओलसर अंतर्वस्त्रे, दिवसभर घातलेली घट्ट जीन्स, परकराच्या नाडीखाली साचणारा घाम, एकच टॉवेल सगळ्यांनी वापरणे यांमुळे बुरशीला घर मिळते. पावसाळ्यात ऊन मिळाले नाही, तर अंतर्वस्त्रे आतून इस्त्री करून वापरावीत. चिखल्या झालेल्यांनी घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि ओले बूट दुसऱ्या दिवशी तसेच चढवू नयेत. मधुमेही माणसाच्या चिखल्यांकडे तर अजिबात दुर्लक्ष करू नये, कारण त्या भेगांतून जंतू शिरून अख्खा पाय सुजू शकतो.

खरजेचे औषध फक्त खाजणाऱ्या जागी आणि एकट्यालाच लावणे

रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेवर आणि गुप्तांगावर बारीक पुरळ, आणि घरातल्या आणखी कुणाला तरी तीच तक्रार, इतके जुळले की आधी खरजेचा विचार करावा. ती डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते; मादी त्वचेत बोगदा करून अंडी घालते. अस्वच्छतेमुळेच खरूज होते असे मानून लोक ती लपवतात, पण दीर्घ स्पर्श आणि एकत्र झोपणे एवढ्यानेही ती पसरते. म्हणूनच वसतिगृहे आणि ऊसतोड मजुरांची पाले या ठिकाणी ती लवकर फैलावते. शाहू महाराजांच्या काळापासून वसतिगृहांची परंपरा असलेल्या या शहरात पालकांनी सुटीला घरी आलेल्या मुलाची खाज म्हणूनच गांभीर्याने घ्यावी.

पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि त्या काळात तो इतरांना लागण देत असतो. त्यामुळे खाज असो वा नसो, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री औषध लावले पाहिजे. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत, बेंबी, नखांखालची जागा आणि बेचक्या न सोडता लावून आठ ते चौदा तास ठेवायचे असते, आणि मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे असते. साधारण आठवड्याने दुसरा हात द्यावा लागतो. तान्ह्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना काय व किती लावावे हे डॉक्टरांनाच विचारावे. वापरलेले कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावे. धुता न येणाऱ्या वस्तू बंद पिशवीत तीन ते सात दिवस ठेवल्या, तर किडे मरतात.

इथे आणखी एक चूक होते. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, कारण शरीराची प्रतिक्रिया लगेच शमत नाही. औषध लागू पडले नाही असे समजून लोक ते रोज लावत बसतात आणि त्वचा कोरडी पडून खाज वाढते. त्या काळात खाजेची गोळी आणि साधे मॉइश्चरायझर पुरते. नवे पुरळ उठत राहिले, तरच पुन्हा दाखवावे.

पित्त उठले म्हणून खाणे तोडणे

अंगावर अचानक गांधी उठतात, खाजतात आणि काही तासांत नाहीशा होऊन दुसरीकडे उमटतात, तेव्हा आपण पित्त उठले म्हणतो. एकच गांधी साधारणपणे चोवीस तासांपेक्षा जास्त टिकत नाही, ही याची चांगली खूण आहे. आमसुलाचे पाणी लावल्याने थंडावा मिळतो आणि त्यात धोकाही नाही. चूक होते ती पुढे: वांगे, शेंगदाणे, दही, मासे, डाळी असे एकेक करून ताट रिकामे केले जाते. सहा आठवड्यांहून अधिक काळ येणाऱ्या पित्तामागे खाण्याची ॲलर्जी क्वचितच असते, तर नव्याने उठलेल्या पित्तामागे ताप-सर्दीचा संसर्ग किंवा एखादे औषध असू शकते. अंगदुखीसाठी घेतलेल्या ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पित्त भडकवतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जुनाट पित्तात सेटिरिझिनच्या गटातली गोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्यायची असते; खाज सुटली तेव्हा एक, असे केल्याने आजार आटोक्यात येत नाही. ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, श्वास लागला, चक्कर आली, तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करावा.

कारण अंगावर तसेच ठेवून मलम लावणे

स्पर्शाने उठणाऱ्या पुरळाचा आकारच बरेच काही सांगतो. एक ग्रॅम सोन्याचा म्हणून विकला जाणारा साज घातल्यावर गळ्याभोवती पट्टा खाजत असेल, तर बहुधा त्यातले निकेल कारण असते. टिकलीच्या आकाराचा डाग टिकलीच्या डिंकामुळे पडतो. पायाच्या वरच्या बाजूला चपलेच्या पट्ट्याइतकीच त्वचा काळवंडली असेल, तर चामडे, डिंक किंवा रबर तपासावे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या पारंपरिक कोल्हापुरी चपलेच्या चामड्यात क्रोमियम वापरलेले नसते, पण आजच्या बऱ्याच चामड्यात ते असते आणि काहींना सोसत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत यंत्राच्या तेलात आणि कूलंटमध्ये हात असणाऱ्यांच्या हातावर, तसेच सिमेंटमध्ये काम करणाऱ्या गवंड्यांच्या हातावर असेच पुरळ उठते. हात साफ करायला रॉकेल वापरणे ही तर दुखण्यात भर घालणारी सवय आहे.

शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर आणि कोपराच्या घडीत दरवर्षी खाज सुटत असेल, तर गाजर गवताचा संशय घ्यावा. त्याचे कण हवेतूनही बसतात, त्यामुळे हात न लावताही त्रास होतो. ते उपटायचे असेल तर फुलण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उपटावे, आणि ज्याला आधीच त्रास आहे त्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर भाजल्यासारखा लांबट पट्टा दिसतो, तेव्हा ‘कोळी मुतला’ म्हणतात. ते काम दिव्याकडे येणाऱ्या एका लहान भुंगेऱ्याचे असते. तो चावत नाही, अंगावर चिरडला की त्याच्यातला द्रव त्वचा पोळतो. किडा अंगावर बसला तर फुंकरीने उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.

मंत्र, गेरू आणि वाट पाहणे

नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत खरी नाही. कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि पुढे जागा होतो. अंगाच्या एकाच बाजूला आधी आग होते, मग पाण्याने भरलेले फोड उठतात. ॲसायक्लोव्हिरसारखे औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी पडते, आणि गेरू लावण्यात, मंत्र टाकून घेण्यात नेमके तेच तास जातात. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील, तर डोळ्याला धोका असतो. त्याच दिवशी दाखवावे.

फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत त्याचे औषध मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर आजार पूर्ण बरा होतो. नवी गोळी सुरू केल्यावर ताप, तोंडात फोड आणि दुखणारी त्वचा, किंवा बोटाने दाबूनही न पुसणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर रात्र असली तरी रुग्णालयात जावे.

डॉक्टरांकडे जाताना

कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात, आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूब आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, रिकामी झालेलीसुद्धा. पुरळ येऊन जाणारे असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तपासणीच्या दिवशी चट्ट्यावर मलम, हळद, खोबरेल तेल काहीही लावू नये, कारण बुरशी शोधण्यासाठी त्वचेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागू शकतो. जांघेतली जागा दाखवायला संकोच वाटत असेल, तर तसे आधीच सांगावे, आणि घरात आणखी कुणाला खाज आहे का हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे.